कंसातला चकवा

मोघेताईंनी मला एकदा फसवले आणि मी त्यांना एकदा. त्यांनी मला फसवले ते चार मीटर लठ्ठ्यात, आणि तेही नकळत. मी त्यांना फसवले ते एका पतंगात, चांगले समजून उमजून. फिटंफाट झाली असे कोणी म्हणेल. झालेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

पतंग म्हणजे संक्रांतीला उडवतात तो नव्हे. संध्याकाळी दिव्यावर झेपावतो तो.

बाहेरच्या लोकांना इंदूर खाण्यापुरते ठाऊक असते. येतात, चार ठिकाणी खातात, शेवेच्या पिशव्या घेऊन परत जातात. मी सांगणार आहे ते इंदूर शहराच्या कडेला पाण्याजवळ असते आणि सकाळी लवकर उघडते. माझ्या दुकानापासून ते स्कूटरने वीस मिनिटांवर आहे. तिथे पोहोचायला मला बत्तीस वर्षे लागली.

मल्हारगंज

मी मूळचा खानदेशातला, चोपड्याचा. अठराव्या वर्षी इंदूरला आलो आणि दुसऱ्याच्या दुकानात कापडाची ठाणे उचलू लागलो. आज त्याच गल्लीत माझे स्वतःचे दुकान आहे. लठ्ठा, मांजरपाट, अस्तर, चादरी, थोड्या साड्या. गिऱ्हाईक पायरी चढताना चप्पल कशी काढते यावरून ते किती ताणणार हे मला कळते. डोके तापट आहे, हे मी लपवत नाही. दुकानातली माणसे सकाळी एकमेकांना विचारतात, "सेठ का पारा कित्ता है?"

पण एका कापडाचा भाव आम्ही करत नाही. मयताचे कापड. दुकानदार नफा न लावता एकच भाव सांगतो, घेणारा हुज्जत घालत नाही. आमच्याकडे चोपड्याला त्या कापडाला कात्रीही लावत नाहीत, हाताने फाडून देतात. मी इंदुरातही तसेच फाडतो.

कोजागरीच्या आदल्या दिवशी एक सत्तरीच्या बाई दुकानात आल्या. फिक्या रंगाची सुती साडी, जाड चष्मा, डोळ्यांत पाणी. हळू आवाजात म्हणाल्या, "सफेद लठ्ठा आहे? मोठ्या पन्ह्याचा. चार मीटर."

मी ठाण उलगडले. त्यांनी कापड चेहऱ्याजवळ नेले, बोटांनी चाचपले. मी भाव सांगितला, बिननफ्याचा. फाडले, घडी घातली, दोन्ही हातांनी दिले.

"कोण गेलं, ताई?"

"कुठे?"

"म्हणजे... घरात."

"घरात सगळे मजेत आहेत," त्या म्हणाल्या. "हे पतंगांसाठी आहे. गच्चीवर टांगते, मागे लाइट लावते, ते येऊन बसतात. मग नोंद करते. डोळ्यांचं म्हणत असाल तर आत्ताच औषध घातलंय."

मागे मुनीमजी आणि दोन्ही नोकर तोंडात रुमाल घालून हसत होते. "सेठ, आज पहली बार बिना भाव-ताव के माल गया," मुनीमजी म्हणाले.

माझा पारा चढला. "ताई, हा माल मयताच्या भावात गेलाय. परत द्या, नव्याने बोलू."

"मयताला दिलेलं कापड परत घेतात का तुमच्याकडे?"

मी उलगडलेले ठाण धाडकन गुंडाळले. मी म्हणालो, "मग काय करता त्याचं, ते दाखवा तरी!"

"या की. रविवारी, सहाला, सिरपूर तलाव. आधी पक्षी बघा, पतंग नंतर. और सुनो भिया, हा लाल शर्ट घालून येऊ नका."

सिरपूर

गेलो, ते भांडायला. पांढरा शर्ट घालून गेलो. पक्षी बिचकतात म्हणून तोही चालत नाही, हे तिथे कळले.

ऑक्टोबर सरत आला होता. पाण्यावर धुके जेमतेम गुडघाभर उंच होते. मोघेताई छोटी घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी पराग नावाचा पस्तिशीचा माणूस हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन उभा होता. तो पुण्याचा, इथे कंपनीत नोकरीला. त्याचे मराठी इस्त्रीचे. मोघेताईंचे घराणे होळकरांच्या वेळेपासूनचे इंदुरी, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी. माझे खानदेशी. तिघे बोलू लागलो की तलावावरचे पक्षीसुद्धा गोंधळत असतील.

ताई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांच्याकडे एक जाड वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. हिवाळ्यात बाहेरून येणारा प्रत्येक पक्षी त्या वर्षी पहिल्यांदा कोणत्या दिवशी दिसला, कोणत्या पाण्यावर, कोणी पाहिला, एवढेच तिच्यात असते. शेवटची पाने पतंगांची. बावीस हिवाळे त्यांनी असे लिहून काढलेत. ज्या नोंदीची खात्री नाही ती कंसात.

"तुम्हाला काय दिसतंय ते सांगा," त्या मला म्हणाल्या.

"तुम्हीच बघा ना."

"मला मधलं दिसत नाही. डोळ्याचा मधला भाग गेलाय. तुमच्याकडे बघितलं तर मला दोन कान दिसतात, मध्ये ढग." त्या हसल्या. "तसे कान बरे आहेत तुमचे."

काठावर एक लहान पक्षी शेपटी वरखाली करत धावत होता. पक्ष्यांचे मला काय कळते? मला कापड कळते. मी तेच सांगितले. "पाठ राखाडी, पॉपलिनसारखी. पोट पांढरंशुभ्र, नीळ दिलेलं. गळ्याखाली काळा रुमाल बांधल्यासारखा."

ताई खुर्चीत सरळ झाल्या. "धोबी! पांढरा धोबी आला. लिही पराग. आजची तारीख. पाहिला कोणी... तुमचं नाव काय?"

"भालेराव."

"भालेराव यांनी पाहिला. कंस नको."

परागने फोटो काढला होताच. पण ताई त्याला म्हणाल्या, "तुझा कॅमेरा उशिरा बोलतो. यांची नजर कापडवाल्याची आहे. मला हीच पाहिजे."

मी आयुष्यात पुष्कळ काही विकले, पण माझ्या नजरेला कोणी गिऱ्हाईक भेटले नव्हते. नंतर रस्त्यावर पोहे खाल्ले. आमच्याकडे पोहे फोडणीत परततात; इथे वाफेवर फुगवतात आणि वर शेव आणि जिरावन नावाचा मसाला टाकतात. बत्तीस वर्षे मी त्यांना आजाऱ्याचे अन्न म्हणत आलो. त्या दिवशी दोन प्लेटी खाल्ल्या आणि भांडायचे विसरलो.

यशवंत सागर

दिवाळी झाली आणि पहाटे तोंडातून वाफ निघू लागली. त्या रविवारी आम्ही परागच्या गाडीतून यशवंत सागरला गेलो. गव्हाची पेरणी चालली होती. ताई आणि पराग अलीकडच्या काठावर थांबले. मला एका जागी उभे राहवत नाही, म्हणून मी चिखल तुडवत पुढे निघालो. एक चप्पल तिथेच गेली. ती अजून तिथे असेल.

पुढे एका उथळ भागात शिंगाड्याची वेल पसरली होती आणि एक माणूस हवा भरलेल्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडत होता. नाव रामरतन, हे नंतर कळले. मला बघून त्याने हात वर केला.

"वां मत जाव सेठ! चकवा हे वां!"

आता माझ्या चोपड्यात चकवा म्हणजे काय, हे सांगायला हवे. माणूस ओळखीच्या वाटेने चालत असतो, आणि चकवा लागला की रात्रभर त्याच त्या बांधाभोवती फिरत राहतो. चकवा म्हणजे भूल. चकवा देणे म्हणजे हातोहात फसवणे. मला वाटले, हा मला भुताची भीती घालून आपल्या शिंगाड्यांपासून लांब ठेवतोय.

"चकवा दुसऱ्याला दाखव!" मी ओरडलो. "मैं भी बाजार का आदमी हूं! तेरे सिंघाड़े नहीं खाने मुझे!"

आणि मुद्दाम पुढे गेलो. वीस पावलांवर दोन मोठी बदके पाण्यावरून उठली. अंग भगवे, नाही, जोग्याच्या कफनीचे दोनदा धुतलेले भगवे. डोके फिके. पंख उघडले तेव्हा पांढरी पट्टी आणि काळी किनार. नाकात बोलल्यासारखी "आँग, आँग" करत माझ्या डोक्यावरून गेली.

सांगून ऐकले नाही म्हणून रामरतन ट्यूबवरून शिव्या देत होता. "क्यो थो नी, चकवा हे! उड़ा दिया!"

मी एका चपलेने धावत परत आलो आणि ताईंना रंग, किनार, आवाज सगळे सांगितले. त्यांनी डोळे मिटले.

"चक्रवाक. हाच चकवा, भालेराव. या हिवाळ्यातला पहिला." मग थांबून, "पराग, तुला दिसला?"

"नाही. मी लेन्स बदलत होतो."

"मग कंसात घे."

मला वाटले ऐकण्यात चूक झाली. "कंसात? मला?"

"एकट्याने पाहिलंय, पहिल्यांदाच पाहिलंय, फोटो नाही," पराग म्हणाला. "नियम आहे, काका."

"तुमच्या पुण्यात फोटोशिवाय सूनसुद्धा मान्य करत नसतील! तिकडे एक माणूस साक्षीला बसलाय, त्याला विचारा!"

"विचारू की," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण आज नाही. त्याच्याशी तुम्ही भांडून आलात, आवाज इथपर्यंत आला. कंस म्हणजे खोटं नाही भालेराव. कंस म्हणजे थांबा."

मला थांबायला कोणी सांगितलेले चालत नाही. ज्या नजरेचे कौतुक केले तीच दोन आठवड्यांत कंसात? परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून बसलो. ताईंनी वाटेत भुट्टे का कीस, म्हणजे मका किसून परतलेला प्रकार, घेतला. मी द्रोण तसाच मांडीवर ठेवून घरी नेला आणि तिथे एकट्याने खाल्ला. चांगला होता, याचाही राग आला.

चोरल

कार्तिकी एकादशी होऊन गेली होती. कामासाठी खंडव्याकडे गेलो होतो, परतताना सकाळी चोरलच्या घाटात चहाला थांबलो. सागाची पाने मोठी होऊन करपू लागली होती. ढाब्याच्या भिंतीवर, रात्रभर जळलेल्या ट्यूबलाइटखाली तो बसला होता.

तो, म्हणजे ती. मादी होती, हे मला नंतर कळले. तळहातापेक्षा मोठा पतंग. रंग कच्च्या पिस्त्याचा, अतिशय फिका, असा रंग मला आजवर कोणत्याही गिरणीने दिलेला नाही. प्रत्येक पंखावर एक डोळा. मागच्या पंखांना लांब, मुरड घातलेल्या शेपट्या. पुढच्या कडेला जांभळट किनार, पैठणीवाल्याने बघावी अशी. परागने मला मोबाइलवर एकदा दाखवला होता: चंद्रपतंग. "ताईंच्या राजेंद्र नगरच्या गच्चीच्या यादीत हा नाही," तो म्हणाला होता. "ताई बावीस वर्षं वाट बघतायत."

माझ्या गाडीत साड्यांचे रिकामे खोके होते. मी ते उघडले आणि पतंग अलगद आत ठेवला. त्याने प्रतिकार केला नाही. मी स्वतःला समजावले, चोरल काय परदेश आहे? हवा तीच, पतंगाला उडत यायचे असते तर तो आलाच असता. मी फक्त गाडी दिली. खोके बंद करताना मला चकव्याचा कंस दिसत होता. आता फोटो असेल, म्हटले. आता कसा कंस घालता बघू.

व्यापारात मी पुष्कळदा खरे सांगितलेले नाही. पण समोरचाही खरे सांगत नसतो, हे दोघांना माहीत असते. इथे समोर एक बाई होती जिला दिसत नव्हते, आणि जी माझ्या डोळ्यांनी बघत होती. हा फरक मला त्या सकाळी कळत नव्हता असे मी म्हणणार नाही. कळत होता.

राजेंद्र नगर, गच्ची

त्याच संध्याकाळी ताईंच्या गच्चीवर कापड लावायचे होते. "मी लवकर येऊन बांधतो," असे मी फोनवर सांगितले होते. ताई खाली गराडू तळत होत्या. गराडू म्हणजे माळव्यातला हिवाळी कंद. तळून वर जिरावन आणि लिंबू. आमच्याकडे हा प्रकार नाही. वास जिन्यातून वर येत होता. मी दोरीवर लठ्ठा टांगला, मागचा दिवा लावला आणि खोके उघडले.

पतंग मलूल झाला होता. उजवी शेपटी अर्धी तुटली होती. मी त्याचे पाय कापडाला लावले. कडेला, जिथे मी हाताने फाडले होते तिथे सुटे धागे होते. त्यांना त्याने धरले.

सात वाजता ताई आणि पराग वर आले. तोवर कापडावर खरे पाहुणेही जमले होते. रव्याच्या दाण्याएवढे, तांदळाएवढे, एक कण्हेरीवरचा हिरवा, बाग गावच्या छपाईसारखी नक्षी असलेला.

परागच्या हातून गराडूची बशी पडता पडता राहिली. "ताई! चंद्रपतंग! आपल्या गच्चीवर!"

ताई पायाने अंदाज घेत कापडापाशी आल्या. "नेमका कुठे?" मी त्यांचा हात धरून नेला. मीच नेला. त्यांनी चेहरा इतका जवळ आणला की नाक पंखाला लागेल. मान तिरकी केली, कारण त्यांना कडेने दिसते. मग पंखाला बोटाची पाठ लावली. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.

"कोणी पाहिला?"

"मी," मी म्हणालो.

"कधी आला?"

"आत्ताच. पावणेसात असतील."

"कुठून?"

"त्या आंब्याच्या बाजूने. उडत."

त्या हळूहळू सरळ झाल्या. "पराग, वही इकडे दे. ही मीच लिहिते." त्यांनी मोठमोठ्या अक्षरांत, ओळी सोडून, काहीतरी लिहिले आणि वही मिटली. "भालेराव यांनी पाहिला," त्या म्हणाल्या. "कंस नको. गराडू थंड होतायत, खा."

मी खाल्ले. परागने माझा पतंगाबरोबर फोटो काढला. तो माझ्याकडे आहे. त्यात मी हसतो आहे.

दुसऱ्या दिवशी परागचा फोन आला, पतंग सकाळी मेला होता. ताईंनी लठ्ठ्याच्या कडेची एक पट्टी फाडून त्यात गुंडाळून ठेवला. ज्या भावात ते कापड गेले होते, तो भाव शेवटी बरोबर ठरला.

पुन्हा सिरपूर

मार्गशीर्षात थंडी पक्की झाली. तलावावर थापटे, लालसऱ्या, चांदवे हे पाणपक्षी इतके की पाणी कमी दिसावे. परागची पुण्याला बदली झाली होती. मी मफलर गुंडाळून ताईंना स्कूटरवर मागे बसवून आणले.

"तुमच्या चकव्याचं सांगायचं राहिलं," खुर्चीवर बसता बसता त्या म्हणाल्या. "पराग जाण्याआधी आम्ही यशवंत सागरला जाऊन आलो. तो रामरतन भेटला. म्हणाला, एक चप्पलवाला सेठ आला था, मेरे ऊपर चिल्लाया, चकवे की जोड़ी उड़ा दी. दिवससुद्धा त्याला आठवत होता, त्याच दिवशी त्याने शिंगाडे मंडीत नेले होते. कंस खोडलाय मी."

म्हणजे थांबलो असतो तर पुरले असते. नुसते थांबलो असतो तर.

"ताई," मी म्हणालो, "तो पतंग..."

"समोर कोणतं बदक आहे ते आधी सांगा. मला आवाज येतोय, दिसत नाही."

"ताई, मला सांगायचंय."

"डोकं कसं आहे? रंग?"

मी रंग सांगितला. काय करणार? डोके हिरवे, साटीनसारखे, चोच उलथन्याएवढी रुंद. थापट्या. मग दुसरे, मग तिसरे. नऊ वाजता त्यांनी निळी वही माझ्या मांडीवर ठेवली.

"पराग गेला. आता तुम्ही लिहायचं. घरी न्या, मागचं वाचून घ्या, माझी पद्धत कळेल."

घरी आणली. दुकान बंद करून, वरच्या खोलीत बसून शेवटची पाने उघडली. त्यांचे ते मोठे, ओळी सोडून गेलेले अक्षर. जसेच्या तसे उतरवतो:

"चंद्रपतंग, मादी, एक. गच्ची. उजवी शेपटी तुटलेली. पंख गार. डांबरगोळीचा वास. भालेराव यांनी पाहिला."

डांबरगोळी. साड्यांच्या प्रत्येक खोक्यात मी स्वतःच्या हाताने चार टाकतो. बत्तीस वर्षे त्या वासात राहिल्याने तो मला येतच नाही. त्यांना आला. आंब्याच्या बाजूने उडत आला, असे मी सांगत होतो तेव्हा तो वास त्यांच्या नाकात होता. चकवा खरा होता, त्याला कंस घातला. पतंग खोटा, हे ठाऊक असून घातला नाही. बावीस हिवाळ्यांत त्या वहीत एक खोटी ओळ आहे, आणि ती माझ्या नावाची आहे.

तेव्हापासून वहीची पेन्सिलही माझ्याकडे आहे. कंस घालायला दोन रेघा लागतात. मी घातलेल्या नाहीत.

ताई, हे मी तुम्हाला पुढच्या रविवारी वाचून दाखवणार आहे, समोर बसून. मध्ये बदक विचारायचे नाही. मी चोर आहे, ते मी वर लिहून दिले आहे. पण तुम्हाला वास आला होता. तुम्ही मला तिथेच, परागसमोर, चार शब्द सुनावायला हवे होते; मी चिडलो असतो, भांडलो असतो आणि सुटलो असतो. तुम्ही मला गराडू खायला घातलेत आणि वही हातात दिलीत. का? कंस का घातला नाहीत? याचे उत्तर मला हवे आहे, आणि ते मिळाल्याशिवाय मी त्या वहीत एकही पक्षी लिहिणार नाही.